‘जिंजर’ संस्कृतातून आला का?

विचारणा अशी आहे: घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर फिरतोय, की इंग्रजीतला ‘जिंजर’ म्हणजे आपला संस्कृत ‘शृंगवेर’. शृंग म्हणजे शिंग, वेर म्हणजे शरीर. आल्याचा गड्डा हरणाच्या शिंगासारखा फाटे फुटलेला असतो म्हणून हे नाव, आणि पुढे अरबांनी ते युरोपात नेलं. हे खरं आहे का? आणि एखाद्या इंग्रजी शब्दाचा माग जुन्या भाषांमधून काढतात तरी कसा?

कोशाच्या कामात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे असे मजकूर आठवड्याला दोन तरी माझ्याकडे येतात. बहुतेकांना एका ओळीत उत्तर देऊन मोकळं होता येतं. इथे तसं होत नाही. ‘शृंगवेर’ आणि ‘जिंजर’ यांचं नातं खरं आहे. शिंगाची गोष्ट खूप जुनी आहे, देखणी आहे, पण मागाहून रचलेली आहे. आणि अरबांनी नेलं हे तर तारखांतच बसत नाही.

संस्कृत कोश उघडून इंग्रजी शब्दाच्या जवळचं काही सापडतं का ते बघणं हा माग नव्हे, तो पत्त्यांचा खेळ आहे. एवढे शब्द आहेत की काही ना काही जुळतंच. माग उलटा काढायचा असतो, आपल्या हातातल्या टोकापासून मागे. प्रत्येक मुक्कामावर लेखी पुरावा हवा आणि त्याचा काळ माहीत हवा. एका मुक्कामाहून दुसऱ्याकडे जाताना ध्वनी बदलला असेल, तर तोच बदल त्या भाषेतल्या इतर शब्दांतही झालेला दाखवता यायला हवा. आणि वस्तूचा शब्द असेल तर ती वस्तू त्या वाटेनं खरोखर गेली होती का, हेही बघायचं. एवढं पथ्य पाळलं तर फसगत कमी होते. अजिबात होत नाही असं म्हणणार नाही. मी स्वतः या शब्दात एकदा फसलो आहे, ते पुढे येईलच.

आता टोकापासून सुरुवात. आजचा ‘जिंजर’ घासून गुळगुळीत झालेला आहे, त्याच्याकडे बघून काही कळत नाही. म्हणून इंग्रजीतलंच जुनं रूप आधी काढायचं. मध्ययुगीन इंग्रजीत ‘जिंजिवेर’ मिळतं. त्याच्याही मागे, १०६६ मध्ये फ्रेंच बोलणारे नॉर्मन इंग्लंडात यायच्या आधी, वैद्यकीच्या हस्तलिखितांत ‘जिंजिफर’ अशी अक्षरं आढळतात. आणि त्या काळच्या इंग्रजीत दोन स्वरांच्या मधला ‘फ’ उच्चारात ‘व’ व्हायचा. म्हणजे आजच्या रूपातून गळालेला ‘व’ हजार वर्षांपूर्वी जागेवर होता. शोधणाऱ्याला असा एखादा ‘व’ सापडला की दिवस सत्कारणी लागतो. इंग्रजीत हा शब्द खरं तर दोनदा आला: आधी लॅटिनमधून, मठांतल्या औषधी ज्ञानाबरोबर, आणि नॉर्मन आल्यावर फ्रेंचमधून पुन्हा, यावेळी स्वयंपाकघराच्या दारानं.

पुढची पायरी म्हणजे भावंडं गोळा करणं. फ्रेंचमध्ये ‘जँजाँब्र’, पोर्तुगीजमध्ये ‘जेंजिब्रे’, स्पॅनिशमध्ये लिहिताना जवळपास तसंच पण उच्चारात ‘हेन्हिब्रे’, इटालियनमध्ये ‘झेन्झेरो’, डचमध्ये ‘गेम्बर’, जर्मनमध्ये ‘इंगवर’. ही सगळी लॅटिनची लेकरं किंवा दत्तक. पण इटालियन ‘झ’ म्हणतंय आणि फ्रेंच ‘ज’, मग आईचं तोंड कसं होतं? दोन्ही प्रकारचं. जुनं लॅटिन रूप ‘झिंगिबेर’, आणि उशिराच्या लॅटिनमध्ये ‘गिंगिबेर’, ज्यातला ‘ग’ इकाराआधी ‘ज’ होऊ लागला होता.

हा झ-ज बदल मराठी माणसाला समजावायला सोपा जातो. ‘माझा’ म्हणताना जीभ कुठे लागते आणि ‘माझी’ म्हणताना कुठे, बघा. अक्षर एकच, पण पुढे ‘ई’ आली की ध्वनी टाळूकडे सरकतो. युरोपातली प्रक्रिया अगदी हीच नव्हती, पण कानाला ओळख पटायला हरकत नाही. आणि हा बदल फक्त आल्याच्या नावातच झालेला नाही, हे महत्त्वाचं. ग्रीक ‘झेलोस’ म्हणजे तीव्र ओढ, आवेश. त्यापासून इंग्रजीत ‘झेलस’ म्हणजे उत्साही आला आणि फ्रेंचमार्गे ‘जेलस’ म्हणजे मत्सरी हाही आला. दोघं सख्खे भाऊ, एक ‘झ’चा, एक ‘ज’चा. असा साक्षीदार मिळाला की ‘झिंगिबेर’पासून ‘जिंजर’पर्यंतचा रस्ता पक्का झाला असं समजायचं.

लॅटिनमध्ये हा शब्द ग्रीकमधून आला. ग्रीक रूप ‘झिंगिबेरिस’. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला वैद्य डायोस्कोरिडीस याच्या औषधीविषयक ग्रंथात ते आहे. त्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी, जो ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेला, त्याच्या निसर्गविषयक महाग्रंथाच्या बाराव्या भागात आल्याबद्दल चार ओळी आहेत, आणि त्या फार बोलक्या आहेत. तो म्हणतो, काही लोकांना आलं हे मिरीच्या झाडाचं मूळ वाटतं, पण तसं नाही. कोणी त्याला ‘झिंगिबेरी’ म्हणतात, कोणी ‘झिंपिबेरी’. भाव पौंडाला सहा दिनार. त्याच ठिकाणी काळ्या मिरीचा भाव चार दिनार दिला आहे, म्हणजे रोमच्या बाजारात आलं मिरीपेक्षा महाग होतं. आणि ते पिकतं कुठे? प्लिनीच्या मते अरबस्तानात आणि तांबड्या समुद्राच्या आफ्रिकी किनाऱ्यावर. डायोस्कोरिडीसही तेच सांगतो.

दोघंही चुकले आहेत, पण त्यांची चूक आपल्याला पुराव्यापेक्षा उपयोगी पडते. माल ज्या बंदरात हाती लागतो तिथेच तो पिकतो असं गिऱ्हाईक समजतं. मधला व्यापारी त्याला कशाला खरं सांगेल? म्हणजे ग्रीक-रोमन लोकांच्या हाती आलं पडत होतं ते तांबड्या समुद्रावर, मधल्या हातांकडून. आणि त्या वाटेवर दक्षिण भारतातले लोक स्वतः जात होते याचाही पुरावा आहे. इजिप्तच्या किनाऱ्यावरच्या बेरेनिके आणि कुसैर अल-कदीम या दोन्ही बंदरांच्या उत्खननात तमिळ-ब्राह्मी लिपीत अक्षरं कोरलेली खापरं मिळाली आहेत. ही खापरं मनात ठेवा, पुढे लागतील.

आता ग्रीक रूप भारतातल्या रूपांशेजारी ठेवायची वेळ आली. इथे मजकूर लिहिणाऱ्यानं घाई केली. संस्कृतात ‘शृंगवेर’, म्हणजे ‘ग’नंतर अकार. ग्रीकमध्ये झिं-गि-बे-रिस, म्हणजे ‘ग’नंतर इकार. हा इकार ग्रीकांनी पदरचा घातला का? पालीकडे वळा. पालीत आलं म्हणजे ‘सिंगिवेर’. विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, आजारी भिक्खूंना औषध म्हणून कोणती मुळं जवळ ठेवता येतील त्याची यादी आहे: हळद, सिंगिवेर, वेखंड आणि आणखी काही. सिं-गि-वे-र, झिं-गि-बे-रिस. स्वरामागे स्वर जुळतो. ग्रीकांच्या कानावर पडलं ते पंडितांचं संस्कृत नव्हतं, बाजारातलं प्राकृत होतं. गंमत म्हणजे संस्कृतातही हा इकार अगदीच बेपत्ता नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात, कोठारातल्या मालाच्या प्रकरणात, तिखट पदार्थांचा ‘कटुकवर्ग’ सांगितला आहे: पिंपळी, मिरी आणि लगेच ‘शृंगिबेर’. हिशोब ठेवणाऱ्या अधिकाऱ्यासाठी लिहिलेल्या ग्रंथात बोलण्यातला इकार टिकला.

एकाच शब्दावरून असा निष्कर्ष काढणं धाडसाचं झालं असतं, पण दुसरा साक्षीदार तुमच्या डब्यातच आहे. संस्कृत ‘शर्करा’, पाली ‘सक्खरा’, मराठी ‘साखर’. ग्रीकमध्ये? ‘साक्खारोन’. त्यात ‘र्क’ कुठेच नाही, दुहेरी ‘क्ख’ आहे; म्हणजे पुन्हा प्राकृतच. इंग्रजी ‘सॅकरिन’ या वाटेनं आलं. ‘शुगर’ मात्र फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’, मग मध्ययुगीन लॅटिन आणि फ्रेंच असा मोठा वळसा घालून गेला. एकच शब्द दोन वाटांनी, वेगवेगळ्या काळी, एकाच भाषेत.

त्यावरून अरबांचा मुद्दा निकालात काढू. ‘ऑरेंज’ अरबांमार्गे गेला हे खरं: नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश नारान्हा. ‘शुगर’ही तसाच. त्यामुळे प्रत्येक भारतीय जिन्नस अरबांनीच युरोपात नेला असं वाटणं स्वाभाविक आहे. पण आल्याचं अरबी नाव ‘झंजबील’. ते कुराणाच्या ७६व्या सुऱ्यात स्वर्गातल्या पेयाच्या वर्णनात येतं, म्हणजे सातवं शतक. ग्रीक रूप त्याच्या सहाशे वर्षं आधीचं. शिवाय अरबीत शेवटी ‘ल’ आहे, ग्रीक-लॅटिनमध्ये ‘र’. अरबी शब्द हा त्याच झाडाची वेगळी फांदी आहे. तो आरामाईक या पश्चिम आशियातल्या जुन्या भाषेच्या शेजारातून आला. हिब्रूतला ‘झंगवील’ही त्याच फांदीवरचा.

आता राहिला मुख्य प्रश्न. प्राकृत ‘सिंगिवेर’ हे संस्कृत ‘शृंगवेर’चंच घासलेलं रूप असणार, असं कोणीही म्हणेल. शृंगचं प्राकृतात सिंग होतं, मराठीत शिंग. नियम चोख आहे. मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण तो इकार. ‘शृंग’पासून ‘सिंग’ होईल, ‘सिंगि’ का व्हावं? दुसरी अडचण ‘वेर’. ‘वेर म्हणजे शरीर’ हे कोशात आहे, मान्य. पण कोशात असणं वेगळं आणि कोणी वापरलेलं असणं वेगळं. हा अर्थ मुख्यतः कोशकारांच्या यादीतच भेटतो. मूर्तिशास्त्रात ‘मूलबेर’, ‘उत्सवबेर’ असे शब्द आहेत, पण तिथे अर्थ मूर्ती असा आहे. ‘हरिणवेर’, ‘वृक्षवेर’ असे समास कोणी ऐकलेत? एखादा घटक एकाच शब्दात, तोही अर्थ लावण्यापुरता वापरलेला दिसला, की मला शंका येते.

आणि मग दक्षिणेकडे बघायचं. तमिळ आणि मलयाळममध्ये आल्याला ‘इंजी’ म्हणतात. आणि ‘वेर’ म्हणजे मूळ, झाडाचं मूळ. कन्नडमध्ये हाच शब्द ‘बेरु’. सोलापूर-कोल्हापूरकडच्या वाचकांनी ऐकला असेल. इंजी-वेर: आल्याचं मूळ. जमिनीखालून उपटून काढायच्या वस्तूला यापेक्षा साधं नाव काय असणार?

पण थांबा. पथ्य आठवा. ‘इंजी’ला सुरुवातीचा ‘स’ नाही आणि ‘सिंगिवेर’ला आहे. हा ‘स’ आला कुठून? मी फसलो होतो तो इथेच. विद्यार्थी असताना मला जर्मन ‘इंगवर’ दिसला आणि मी हर्षभरित झालो: बघा, जर्मनमध्ये थेट तमिळ रूप राहिलं आहे! शिक्षकांनी काहीच न बोलता जुन्या जर्मनचा कोश समोर सरकवला. तिथे ‘गिंगिबेरो’ होतं. जर्मननं सुरुवातीचा ‘ग’ मध्ययुगात आपल्या घरीच गाळला, तमिळशी त्याचा काडीचा संबंध नाही. दोन टोकांच्या दोन भाषांनी वेगवेगळ्या काळात आपापलं पहिलं व्यंजन टाकलं आणि योगायोगानं दोघी सारख्या दिसू लागल्या. पोलिश आणि रशियनमधला ‘इम्बिर’ हाही या जर्मन वंशातलाच. तेव्हापासून दोन शब्द फारच सारखे दिसले की मी आधी घाबरतो. चिनीमधला ‘च्यांग’ असाच दिसायला जवळचा आहे. पण त्याचं जुनं रूप ‘क’नं सुरू व्हायचं.

तर, तमिळमध्येही सुरुवातीला काही होतं आणि ते गळालं, असं दाखवता येतं का? येतं, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्रात बोलला जातो. तमिळमध्ये मीठ म्हणजे ‘उप्पु’. यवतमाळकडच्या कोलामांच्या कोलामी भाषेत मीठ म्हणजे ‘सुप’. तमिळमध्ये सहा म्हणजे ‘आरु’. गोंडीत सहा म्हणजे ‘सारुंग’. या सगळ्या द्राविड कुळातल्याच भाषा. म्हणजे मूळ द्राविडात या शब्दांच्या सुरुवातीला ‘च’ किंवा ‘स’सारखा ध्वनी होता, मध्य भारतातल्या भाषांनी तो राखला, दक्षिणेत तो अनेक शब्दांतून गळाला. हा नियम टॉमस बरो यांनी १९४७ मध्ये सविस्तर मांडला. बरो ऑक्सफर्डला संस्कृतचे प्राध्यापक होते, हे मुद्दाम सांगतो, कारण ‘हे सगळं संस्कृतद्वेषातून येतं’ असा आरोप लगेच होतो. नंतर मरी एमेनो यांच्याबरोबर त्यांनी द्राविड भाषांचा व्युत्पत्तिकोश केला, १९६१ चा. तो माझ्या टेबलावरून कधी कपाटात गेलेला नाही.

हा नियम लावला की ‘इंजी-वेर’चं आधीचं रूप ‘चिंकी-वेर’च्या आसपास जातं. असं रूप कुठे लिहिलेलं सापडत नाही, ते मागे मोजत काढलेलं असतं. म्हणून अभ्यासक त्यावर तारेची खूण (*) करतात. पण त्याच्याशेजारी पाली ‘सिंगिवेर’ ठेवून बघा. सुरुवातीचा ‘स’सारखा ध्वनी आहे, इकारामागून इकार आहे, आणि शेवटी अख्खं ‘वेर’. देणाऱ्या घरानं पहिलं अक्षर हरवलं, उसनं घेणाऱ्या घरानं ते जपून ठेवलं. आता इकाराचं कोडंही उरत नाही, कारण तो मूळचाच आहे. आणि तांबड्या समुद्रावरची ती तमिळ खापरं आठवा. आल्याचा व्यापार कोणाच्या हातून जात होता याचा अंदाज येतो.

मग ‘शृंगवेर’ कसा झाला? उलट्या दिशेनं. लिहिणाऱ्या पंडिताच्या कानावर ‘सिंगिवेर’ पडलं. त्याला ठाऊक होतं की लोक ज्याला सिंग म्हणतात ते शुद्ध बोलीत शृंग. त्यानं शब्द ‘शुद्ध’ केला. मग शृंग आलं म्हटल्यावर अर्थ लावणं आलं. गड्ड्याला फाटे असतातच. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात, फक्त इथले ‘लोक’ विद्वान होते. पोर्तुगीज ‘बॉम बाहिया’ म्हणजे चांगला उपसागर, त्यावरून बॉम्बे, ही गोष्ट अशीच. पोर्तुगीजमध्ये ‘बाहिया’ स्त्रीलिंगी असल्यानं ते ‘बोआ बाहिया’ व्हायला हवं, एवढं व्याकरणही त्या गोष्टीला पेलत नाही. मुंबादेवी मात्र आपल्या जागी आहे. रामायणातलं गुह निषादाचं ‘शृंगवेरपूर’ तुम्हाला आठवलं असेलच. नावाची अक्षरं तीच आहेत आणि तिथली प्रचलित कथा मात्र ती शृंगी ऋषींशी जोडते. शिंग दिसलं की गोष्ट तयार होते.

एका शब्दाचा एवढा पसारा असतो यावर विश्वास बसत नसेल तर सांगतो, ॲलन रॉस या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञानं १९५२ मध्ये केवळ ‘जिंजर’ या शब्दावर एक पुस्तक लिहिलं. पुढे, १९५४ मध्ये, वरच्या वर्गाचे इंग्रज कोणते शब्द वापरतात आणि कोणते टाळतात यावर त्यांनी लेख लिहिला आणि जगभर नाव झालं ते त्या लेखामुळे. आल्याच्या पुस्तकामुळे कोणाचं नाव होत नसतं.

आता इंग्रजीत बाजारात ‘जिंजर रूट’ म्हणतात तेव्हा काय होतं ते लक्षात आलं का? ‘मूळ’ दोनदा म्हटलं जातं. आपण पावरोटी म्हणतो तसंच. पोर्तुगीज पाव म्हणजे रोटीच.

साहजिक पुढचा प्रश्न: मग आपला ‘आलं’ कुठला? त्याचा या घराण्याशी संबंध नाही. अमरकोशात ‘आर्द्रकं शृङ्गबेरं स्यात्’ असं आहे, दोन्ही नावं शेजारी. आर्द्रक म्हणजे ओलं, ताजं; वाळवलं की ती शुंठी, आपली सुंठ. हिंदीत आर्द्रकचं अदरक झालं, गुजरातीत आदु, बंगालीत आदा. मराठीची वाट वेगळी. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ‘आर्द्र’ची रूपं दिली आहेत: अद्द, अल्ल, ओल्ल, उल्ल. ‘अल्ल’पासून आपलं आलं आणि ‘ओल्ल’पासून आपलं ओलं. म्हणजे ‘ओलं आलं’ म्हणताना आपण एकच शब्द दोनदा उच्चारतो. आणखी एक उलटापालट बघा. तेलुगू ही द्राविड भाषा, पण तिथे आल्याला ‘अल्लम’ म्हणतात, म्हणजे प्राकृताकडून घेतलेलं. संस्कृतानं द्राविड शब्द घेतला, तेलुगूनं प्राकृत शब्द घेतला. भाषांची भांडणं माणसं करतात, शेजारच्या घरून वाटीभर शब्द आणायला भाषांना कधी लाज वाटलेली नाही.

इंग्रजीतल्या दोन सापळ्यांबद्दल सांगितलं नाही तर उत्तर अपुरं राहील, कारण ते तुम्हाला लगेच भेटतील. ‘जिंजरब्रेड’ हा शब्द आल्याच्या पावावरून आला असं वाटतं. मुळात तो जुन्या फ्रेंचमधला ‘जँजाँब्रास’, म्हणजे मुरवलेलं आलं, आलेपाकाच्या जातीतलं काहीतरी. शेवटचं ‘ब्रास’ इंग्रजांना कळेना, त्यांनी त्याचं ‘ब्रेड’ केलं; आणि मग नावात ब्रेड आहे म्हटल्यावर पदार्थही हळूहळू पिठाचा झाला. शृंगवेरात शब्द वस्तूला जुळवून घेतला होता, इथे वस्तूनं शब्दाला जुळवून घेतलं. दुसरा सापळा ‘जिंजरली’, म्हणजे जपून, हलक्या हातानं. त्यात आलं शोधू नका. तो बहुधा नाजूक, खानदानी अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दापासून आहे. आल्याशिवायच सुंठीवाचून खोकला गेला. आणि एखाद्या बाईचं नाव जिंजर असेल तर तेही बऱ्याचदा व्हर्जिनियाचं लाडकं रूप असतं. हॉलिवूडची नर्तिका जिंजर रॉजर्स जन्मानं व्हर्जिनियाच होती.

वनस्पतिशास्त्रात मात्र ग्रीक रूप अजून जिवंत आहे. आल्याचं शास्त्रीय नाव ‘झिंजिबर ऑफिसिनाले’, जे लिव्हरपूलच्या विल्यम रॉस्को यांनी १८०७ मध्ये पक्कं केलं. म्हणजे कुठल्याही शेतकी महाविद्यालयातला विद्यार्थी परीक्षेत आल्याचं नाव लिहितो तेव्हा तो पालीतला इकार उतरवत असतो.

तुम्हाला स्वतः हात चालवून बघायचा असेल तर ‘मंगूस’ घ्या. इंग्रजी कोश त्याचं मूळ मराठी ‘मुंगूस’ असंच देतात, पोर्तुगीजांचा हात मध्ये धरून, त्यामुळे गटावर पाठवायला हा शब्द जिंजरपेक्षा निर्धोक. फक्त तिथे थांबू नका. तेलुगू ‘मुंगिस’ आणि कन्नड ‘मुंगिसि’ शेजारी ठेवा आणि इथून मागे काय दिसतं ते बघा. इंग्रजांनी त्याच्याही शेपटीला ‘गूस’ म्हणजे हंसाची जातभाई जोडली आहेच. हंसासारखं काही नसलेल्या त्या प्राण्याचं अनेकवचन ‘मंगीज’ करावं का, हा गोंधळ त्यांच्या मुलांना अजून पडतो. कोश म्हणतो, ‘मंगूसेस’.